डब्याच्या तळाची मूठ

आमची ही गेली त्यानंतर कितीतरी महिने आमच्या घरातला चहा कडू होत होता, आणि एकाही माणसानं तसं तोंडानं सांगितलं नाही. चहा मी करायचो. नुकतीच बायको गेलेल्या म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं केलेला चहा कडू आहे, असं त्याच्या तोंडावर कोण म्हणेल? भेटायला आलेली माणसं चहा बशीत ओतून घेत, एक घोट घेत आणि डोळे मिटत. मला वाटे, हिच्या आठवणीनं मिटले. बडोद्याची माणसं फार सभ्य. नको तिथंसुद्धा सभ्य.

मला स्वतःला तो कडू लागत नव्हता का? लागत होता. पण त्या दिवसांत मला वरणभातसुद्धा कडू लागायचा, मग चहाचंच वेगळं काय सांगायचं. मुलाचा समज असा, की बाबा दुःखात भुकटी जास्त टाकतात. सूनबाईला वाटलं, मी शुगरवर गुपचूप कडुनिंब घेतोय. तिनं माहेरी फोन करून मोठ्या कौतुकानं सांगितलंही होतं, की आमचे बाबा तब्येतीला फार जपतात. तिचा अंदाज अर्धा बरोबर होता. चहात कडुनिंब होताच. फक्त तो माझ्यासाठी नव्हता, मोगऱ्यासाठी होता.

हे नीट सांगायला हवं.

मी सातवीपर्यंत शिकलो. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत शिपाई होते, आणि त्यांच्यानंतर आमच्या घरात कोणी कसली लढाई केली असेल तर ती फक्त बायकोशी. कोयलीला रिफायनरीत फिटरच्या हाताखाली लागलो आणि फिटर होऊन रिटायर झालो. सुभानपुऱ्यात एक लहानसं टेनामेंट, म्हणजे बैठं घर, घेतलं. पुढं अंगण, दोन खाटा मावतील एवढं. तिथं मी स्कूटर ठेवीन असा माझा बेत होता. हिनं तिथं मोगरा लावला, मग तुळस, मग गवती चहा, फुदिना, ओवा आणि कुंपणाला शेवगा. स्कूटर जन्मभर रस्त्यावर राहिली.

बाग सगळ्यांच्याच बायका करतात. हिचं वेड पुढचं होतं. बागेत जे माजतं ते कापून, वाळवून, डब्यात भरून ठेवायचं आणि पुढं झाडं मरगळली की त्यांनाच खायला घालायचं. म्हणजे फुदिन्यानं वाढायचं, आणि त्याचं जेवण मोगऱ्यानं करायचं. मी म्हणायचो, अगं, ही झाडं आहेत की आपले नातेवाईक?

तिची पद्धत ठरलेली. पाला फुलावर यायच्या आधी कापायचा. फूल आलं की कस फुलात जातो, आणि बी धरलं तर तेच बी कुंडीत उगवून बसतं. थंडीत खंडेराव मार्केटातून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या यायच्या. पानं आमच्या पोटात जायची, देठं आणि पिवळी पानं डब्याच्या वाटेला. शेवग्याचा पाला, नाक्यावरच्या झाडाचा कडुनिंब. सगळं धुवायचं, निथळायचं, जुन्या धोतरावर पातळ पसरायचं आणि वरखाली करत वाळवायचं. सावलीत. उन्हात नाही. उन्हानं पानाचं सत्त्व जातं, म्हणे. मी जन्मभर तेल तापवून तापवून सत्त्व काढणाऱ्या कारखान्यात राबलो, आणि घरी येऊन मला हे ऐकावं लागायचं.

आणि सावली कुठली, तर माझ्या खाटेवरची. घरात छताचा पंखा आणला होता तो माझ्या नाइट ड्यूटीनंतरच्या झोपेसाठी. पहिल्याच थंडीत तो मेथीच्या नावावर झाला. सकाळी मी ड्यूटीवरून यायचो तो खाटेवर मेथी आडवी पडलेली, वर पंखा एक नंबरवर फिरतोय, आणि माझ्यासाठी खाली चटई. मी म्हणायचो, मेथी कुठल्या शिफ्टला होती? ती म्हणायची, "हळू बोला, आत्ताच उलटवलीय."

पाला हातात कुस्करून चुरा झाला की तो डब्यात जायचा. सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, मोठा पत्र्याचा डबा, वर लहान गोल तोंड कापून त्याला झाकण बसवून घेतलेलं. आमच्याकडे गव्हाला, तांदळाला, सगळ्याला तेच डबे. पाल्यात थोडी बंबाची चाळलेली राख मिसळायची. उन्हाळ्यात त्यातला चुरा बादलीत भिजत घालायची, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला असा वास सुटायचा की पोस्टमन पत्र फाटकातूनच फेकून जायचा. ते पाणी पातळ करून मुळाशी. कधी कोरडाच चुरा मातीत कालवायची. मोगऱ्याला घालताना तिचा चेहरा असा असायचा, की मला तिनं एवढ्या प्रेमानं कधी भात वाढलेला आठवत नाही. तसं मी तिला सांगितलंही होतं. ती म्हणाली, मोगरा जेवून उठल्यावर नावं ठेवत नाही.

या डब्याची एक रीत होती. तो तळापर्यंत कधी रिकामा करायचा नाही. तळाशी एक मूठ राखायची, नवा पाला तिच्यावर ओतायचा, मग कोपरापर्यंत हात घालून तळचं वर करायचं. तिच्या माहेरी तांदळाच्या कणगीला ही रीत होती, तिनं ती खताला लावली. म्हणजे त्या डब्यात दर वर्षातलं थोडं थोडं राहत आलेलं. मी म्हणायचो, यात आपला मुलगा रांगत होता तेव्हाचा फुदिना असेल, त्याला आता पेन्शन चालू कर. ती म्हणायची, "तो अजून कामाला येतो. तुम्हीच रिटायर झालात."

ती गेली ती थंडी सरताना, वर्षाचा पाला वाळवून, डबा काठोकाठ भरून. दोन दिवस छातीत दुखतंय म्हणाली. तिसऱ्या दिवशी नव्हती. याच्यापुढं मला त्यावर लिहिता येत नाही.

तेराव्यापर्यंत नातेवाईक बायकांनी स्वयंपाकघर आवरलं. एकीनं हा डबा उघडला, नाकाला गवती चहाचा आणि फुदिन्याचा वास आला, तिनं तो गॅसजवळ चहा-साखरेच्या शेजारी नेऊन ठेवला आणि मला सांगितलं, हा चहात टाकायचा पाला. मी टाकायला लागलो. अंगणात ताजा गवती चहा माझ्या कमरेएवढा उभा होता. पण तो कापायचा असतो हे मला कुठं ठाऊक? माझ्यापर्यंत आजवर चहा नुसता कपातून आलेला.

मला तो डबा आवडायला लागला. झाकण काढलं की तिच्या हाताचा वास यायचा. दिवसातून तीनदा चहा करायचो, मग चारदा. गाळून उरलेला चोथा मोरीजवळच्या टोपलीत.

इकडं बागेचं काय चाललंय ते मी बघत होतो आणि बघत नव्हतो. सूनबाई कामावर जाताना पाणी घालून जायची. मोगऱ्याची पानं पिवळी पडली, उन्हाळा सरत आला तरी मोजकीच फुलं, तीही बारकी. मला वाटलं, त्यालाही सुतक.

हे सगळं पकडलं ते शेजारच्या गुजराती बेननं. आमची भिंतीला भिंत. हिची आणि तिची मैत्री त्या डब्यावरच जमलेली. बेन तिच्याकडची वाळकी पानं द्यायची आणि डबा भरला की वाटी घेऊन यायची, तिच्या तुळशीचा वाटा न्यायला. ही गेली आणि थोड्याच दिवसांत बेनला अमेरिकेला जावं लागलं, सुनेच्या बाळंतपणाला. त्या वर्षांत आमच्या गल्लीतल्या निम्म्या आज्या विमानात असायच्या. ती परत आली तेव्हा श्रावण लागला होता. आली तशी आमच्या ओट्यावर बसली, रडली, मला म्हणाली की तिथं एवढ्या मोठ्या घरात रडायलासुद्धा शेजार नव्हता. मी उठून चहा केला.

बेननं एक घोट घेतला. डोळे मिटले नाहीत. उलट मोठे केले.

"भाई, आ चामां लीमडो कोणे नाख्यो?"

मी म्हटलं, कडुनिंब कुठला, हिच्या हातचा गवती चहा आहे. बेन उठली, सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेली, डब्याचं झाकण काढलं, आधी नाक घातलं, मग हात घातला, आणि तशीच फरशीवर बसली. मला वाटलं, पुन्हा रडतेय. पदर तोंडात कोंबून ती हसत होती. हसता हसता सांगत होती, की हे तर तिचं खातर, म्हणजे खत आहे, मोगऱ्याचं जेवण आहे, आणि तुम्ही ते शोकाला आलेल्या अख्ख्या बडोद्याला पाजलंत. मग एकाएकी तिचं हसू थांबलं. चेहरा पांढरा.

"ईंडानुं छोतरुं तो नथी ने आमां?"

आम्ही मराठे, आमच्या घरात अंडी येतात. बेन कांदासुद्धा खात नाही. मी तिला सांगितलं, की अंड्याची टरफलं ही वेगळ्या डब्यात ठेवायची आणि ती फक्त जास्वंदीला. का, तर या डब्यातलं तुमच्या तुळशीला जातं म्हणून. बेनला हे माहीत होतंच, दोघींचं त्यावर केव्हाच ठरलेलं होतं. तरी तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकलं आणि तिनं पुन्हा डब्यात वाकून पाहिलं.

"भाई, तळियुं देखाय छे."

मीही वाकून पाहिलं. तळ दिसत होता. एका कोपऱ्यात मूठभर चुरा, फार तर थोडा जास्त. तिच्या हातचं घरात तेवढंच राहिलं होतं, बाकी सगळं मी पिऊन टाकलं होतं. मला हसायला येत होतं ते आतच राहिलं.

बेननं हुकूम सोडला, की यातलं आता चिमूटभरही काढायचं नाही. आणि नुसतं राखूनही चालायचं नाही. एकटी मूठ पावसाळ्यात टिकत नाही. रिकाम्या डब्यात दमट हवा भरते, कीड लागते. डबा भरायला हवा, आणि भरायचा तर खडखडीत वाळलेल्या पाल्यानं, नाहीतर वरचा ओला पाला खालच्यालाही घेऊन कुजेल. मी म्हटलं, त्यात काय, मी आख्ख्या युनिटचे पंप उघडून जोडलेत. बेन म्हणाली, पंपाला देठ नसतो.

पहिला घाणा मी उन्हात घातला. ऊन पडलेला एक दिवस साधला, गच्चीवर पत्रा टाकला आणि त्यावर फुदिना. संध्याकाळी तपकिरी भुगा हाती आला. बेननं नाकाशी धरला, परत दिला आणि म्हणाली, आता बिड्या वळा.

दुसरा घाणा घरात वाळवला. तेव्हा मुलानं प्लास्टिकची बरणी आणून दिली, पारदर्शक, लाल झाकणाची. त्या दिवसांत बाजारात काहीही घेतलं की असली बरणी फुकट यायची, आणि आमच्या चिरंजीवांचा असा विश्वास, की हवाबंद म्हणजे अमर. म्हणाला, बाबा, पत्र्याचे डबे आता कोण वापरतं. मी बरणी भरली. आठवड्यात आतून घाम सुटला, मग पांढरी बुरशी. मी ती बरणी जेवणाच्या वेळी मुलाच्या ताटासमोर ठेवली आणि म्हटलं, घे तुझा नवा जमाना. खरं तर पाला अर्धा ओला होता. पण ते त्याला अजून सांगितलेलं नाही, आणि तो हे वाचेल असं वाटत नाही.

बुरशी बघून मी घाबरलो मात्र होतो. ती बरणी आली नसती आणि मी तो पाला डब्यात ओतला असता तर? रोज सकाळी उठून डब्याचं झाकण काढायचो आणि डबा तिरका करून ती मूठ चिमटीत घेऊन बघायचो, कुरकुरीत आहे ना. सूनबाई म्हणाली, बाबा, सारखं उघडून उघडूनच त्यात दमट हवा जातेय. मग दिवसाआड बघायला लागलो.

नवरात्र संपलं, आभाळ कोरडं झालं, तसा मी तिच्या पद्धतीवर आलो. गवती चहा कापला, ओवा, तुळस, शेवगा, नाक्यावरचा कडुनिंब. बेननं ओट्यावर बसून पानं देठांपासून वेगळी करायला शिकवली, कारण पान वाळतं आणि देठ आत पाणी धरून बसतो. माझ्या खाटेवर धोतर पसरलं, पंखा एक नंबरवर लावला आणि मी चटईवर झोपलो. या वेळी मला कोणी खाली झोपवलं नव्हतं, तरी पाठ तशीच दुखली. सूनबाई ऑफिसला निघताना खांद्याला पर्स अडकवलेल्या अवस्थेत एकदा पाला वरखाली करून जायची. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

मला वाटलं, झाला. बेन म्हणाली, तुम्हाला वाटून चालणार नाही, काचेला विचारा. थोडा पाला काचेच्या बाटलीत घालून झाकण लावून ठेवायचा. काच आतून धुरकटली तर पाला खोटं बोलतोय. पहिल्यांदा धुरकटली. पुन्हा पंख्याखाली. नंतर काच स्वच्छ राहिली.

मग डबा भरायची सकाळ आली. रविवार होता. मी सगळ्यांच्या आधी उठलो, डबा उलटा करून ती मूठ एका ताटलीत काढली, तिथून माझ्या धुतलेल्या रुमालात, आणि रुमालाला गाठ मारली. माझं ठरलं होतं. नवा पाला डब्यात, ही मूठ वेगळी. तिच्या फोटोशेजारी ठेवीन. मिसळली तर संपली, असं माझं गणित.

गाठ मारताना सूनबाईनं पाहिलं. विचारलं, हे काय. मी सांगितलं.

"फोटोपुढं पाला ठेवणार? आईंना हसू येईल."

मी भडकलो. माझ्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. म्हटलं, माझ्या बायकोची वस्तू आहे, मी काय वाटेल ते करीन, तुला या घरात येऊन दिवस किती झाले. बोललो आणि बोलल्याबरोबर कळलं. पण ती रडली नाही. माझ्यासमोर खाली बसली.

"हो, आई गेल्या तेव्हा वर्षच झालं होतं. मी म्हणत होते, शिकू सावकाश, घाई काय आहे. त्यांच्या हातचं मला एवढंच मिळणार आहे, बाबा. ते रुमालात बांधू नका."

मी गाठ सोडायला घेतली. बोटं जाड, गाठ फिटरची. दातानं सोडवली.

मूठ तळाशी घातली, रुमाल झटकला, रुमालाचे कोपरेसुद्धा झटकले. वर नवा पाला, वर राख. आता तळचं वर करायचं. मी बाही सारून हात घातला तर तो डब्याच्या तोंडात मनगटाच्या जरा वर जाऊन अडला. पत्र्याची कड लागली. इतकी वर्षं हिला बारकी बारकी म्हणून चिडवत आलो. सूनबाईनं बांगड्या काढून गॅसच्या ओट्यावर ठेवल्या आणि हात कोपराच्याही वर आत घातला. मी सांगत होतो, हळू, खालून घे, कोपऱ्यात राहिलं असेल. ती नुसती हं, हं करत होती. डब्यातून कोरडा आवाज येत होता. तिनं हात बाहेर काढला तेव्हा वरच्या चुऱ्यात काही काळपट कण दिसले, काही हिरवे. मी डोळ्याला चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, आणि मग चष्मा काढला.

तेवढ्यात बेन वाटी घेऊन हजर. भिंतीपलीकडून तिला कसं कळतं कोण जाणे. तुळशीचा वाटा मागायला लागली, दर वर्षीसारखा, वर आणि दाबून भरा म्हणाली. माझा हात डब्याच्या झाकणावर होता. त्या वाटीत कोणते कण जाणार होते ते मला निवडता येणार नव्हतं. मी झाकणावरचा हात काढला आणि सूनबाईला म्हटलं, भर, चांगली शीग लावून भर, नाहीतर अमेरिकेपर्यंत बदनामी करील. बेननं वाटीवर पदर धरला आणि ओट्यावर न टेकता सरळ गेली. एरवी ती असं कधी जात नाही.

मोगऱ्याला मी त्याच दिवशी मातीत चुरा कालवून दिला. सूनबाई जवळ उभी राहून बघत होती, मी हात कसा फिरवतो ते. मी तिला सांगितलं, माझं बघू नकोस, मलाही येत नाही. थंडीत त्याला काही झालं नाही. थंडीत मोगऱ्याला काही होतच नसतं, एवढं मलाही कळतं. उन्हाळ्यात फुलला. फार नाही, पण वेणीला पुरतील एवढी फुलं आली, आणि फोटोला वेणी घालताना सूनबाईनं दोन कळ्या स्वतःच्या केसात खोचल्या. मुलगा म्हणाला, नवीन मोटरमुळं पाण्याचा जोर वाढलाय, त्यानं फुलला. मी मान डोलावली. आपलाच मुलगा, किती ठिकाणी सुधारणार.

यंदा डबा भरताना सूनबाईनं मला हाकही मारली नाही. पत्र्याचा आवाज ऐकून मीच आत गेलो आणि दारातून विचारलं, तळाची मूठ राखलीस ना?

ती कोपरापर्यंत डब्यात होती. वर न बघता म्हणाली, "बाबा, तुम्ही पेपर वाचा."